सातच्या आतला पाव तास

१

गिरणीचा आवाज एकदा अंगवळणी पडला की ऐकू येत नाही. ऐकू येतो तो त्यातला फरक. घड्याळमास्तरांनी असा फरक बत्तीस वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता. सूतखात्यात साठ साचे एका सुरात घुमत होते, कापसाचं सूत कातत होते, आणि त्यांतल्या एकाचा सूर मध्येच खाली बसला. बोलता बोलता माणूस आवंढा गिळतो, तेवढाच. मग तो परत वर चढला आणि बाकीच्या एकोणसाठांत मिसळून गेला.

मास्तर तेव्हा तेल घालायला शिडीवर होते, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळापाशी. त्यांनी आधी काटे कुठे आहेत ते बघितलं आणि मग खाली.

मास्तर हे नाव लोकांनी चिकटवलेलं. शाळेशी त्यांचा संबंध चार इयत्तांचा, आणि बाराच्या पुढचे आकडे त्यांना आयुष्यात फारसे लागले नाहीत. गिरणीतल्या घड्याळांना चावी द्यायची, काचा पुसायच्या, तेल घालायचं, ही त्यांची नोकरी. हाताला काळं न लागता करता येतील अशी कामं गिरणीत फार थोडी होती. त्यांतलं एक आपल्या वाट्याला आलं याचा त्यांना कोण अभिमान. रस्त्याने जाताना ते कामगारांच्या घोळक्यापासून चार पावलं लांब चालत. घोळक्याला त्याचं दुःख नव्हतं.

२

त्यांच्या नोकरीचा खरा भाग संध्याकाळी सहाला उरकायचा असे.

सूतखात्यात सकाळपासून पोरं उभी असत. तुटलेला धागा चालत्या साच्यावर सांधायला बारीक बोटं लागतात, आणि साच्याखाली साठलेला कापूस ओढून काढायला बारीक अंग लागतं. मोठ्या माणसाची बोटं आणि अंग दोन्ही महाग पडतात. मालक दर वर्षी भाषणात सांगत की या कामामुळे गरिबांची मुलं उनाडक्या करण्यापासून वाचली. मालकांचा मुलगा तेवढा वाचायचा राहिला होता. त्याने त्या मनापासून केल्या.

सहापर्यंत पोरांच्या माना खाली आलेल्या असत. त्या वेळी मास्तर शिडी लावत, वर चढत, काच उघडत आणि फडक्याने तबकडी पुसत. पुसता पुसता मोठा काटा पाव तास मागे येई. बस, एवढंच. गिरणी सातला सुटायची ती त्या घड्याळाच्या सातला, म्हणजे जगाच्या सव्वासातला. रात्री खातं रिकामं झालं की मास्तर परत शिडी लावून काटा जागेवर आणून ठेवत, म्हणजे सकाळी कामावर यायची वेळ मात्र चोख.

खात्यात कुणी स्वतःजवळ घड्याळ ठेवायचं नाही असा नियम होता. खिडक्या बंद, कारण वाऱ्याने धागा तुटतो. चौकातल्या मनोऱ्याचे ठोके साच्यांच्या घरघरीत आत पोचत नसत. बाहेर पडल्यावर कुणी मनोऱ्याकडे बोट दाखवलं तर मास्तर समजूतदारपणे म्हणत की नगरपालिकेचं घड्याळ आहे ते, पुढेच पळणार. लोक हसत. मास्तरांना वाटे, आपल्या विनोदाला हसले.

दिवसाला पाव तास. तोही लोकांच्या पोरांचा. मास्तरांच्या मते याला चोरी म्हणता येत नव्हतं. चोरीत काहीतरी घरी आणावं लागतं.

३

मास्तर म्हातारे झाले, तेव्हा गिरणीने त्यांचा सत्कार केला. मालकांच्या त्याच मुलाने, आता तोच मालक होता, मास्तरांना वेळेचा पक्का माणूस म्हटलं आणि सूतखात्यातलं जुनं घड्याळ त्यांना भेट दिलं. खात्यात नवं आलंच होतं, जुनं ठेवायचं कुठे हा प्रश्न असा सुटला. नोकरीवर मास्तरांचा मुलगा लागला. राहायच्या दोन खोल्या गिरणीच्याच होत्या. घड्याळाचं काम घराण्यात आहे तोवर त्या घराण्याच्या.

घरात मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांची नात. तिला सगळे ठकी म्हणत. ठकी अखंड बोलायची. मुंगीशी बोलायची, बादलीशी बोलायची, झोपेत बोलायची. आजोबांच्या मिशीला तिने वेगळं नाव ठेवलं होतं आणि रोज सकाळी ती आधी मिशीची विचारपूस करी, मग आजोबांची. मास्तरांचा जीव असेल तर तो या पोरीत होता. एवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हरकत नाही.

जुनं घड्याळ पुढच्या खोलीत लागलं. मास्तर रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसत आणि मनोऱ्याचे सातचे ठोके मोजून वेळ ताडून बघत. नोकरीत असताना जो प्रामाणिकपणा परवडला नाही, तो आता फुकट होता.

एका संध्याकाळी मनोऱ्याने सहाच ठोके दिले.

मास्तरांना वाटलं, मोजताना चुकलो. वर बघितलं तर घड्याळात पावणेसात. मघाशी तर सातला दोनच मिनिटं कमी होती. लंबक हलत होता, टिकटिक चालली होती. मागच्या खोलीत सूनबाई ताट पुसत होती, फडकं काचेवर फिरवल्यासारखं गोल गोल. मास्तर काट्याकडे बघत राहिले. काटा मिनिटामिनिटाने पुढे सरकत सातवर आला, आणि तेव्हा मनोऱ्याचा सातवा ठोका पडला. सहाव्याला लागूनच पडावा तसा, त्याच दमात.

सूनबाईने पुसलेलं ताट खाली ठेवलं आणि दुसरं घेतलं. इतका वेळ ती एकच ताट पुसत होती.

मास्तरांनी स्वतःला सांगितलं की डोळा लागला. या वयात लागतो.

४

दुसऱ्या दिवशी ते डोळे पाण्याने धुऊन बसले. सहा ठोके. मग पावणेसात. सूनबाईच्या हातातलं ताट गोल गोल फिरू लागलं. चुलीवर पाणी तापत होतं, त्याची वाफ भांड्याच्या वर हातभर जाऊन थांबली होती, टांगलेल्या कपड्यासारखी.

मास्तरांनी सूनबाईला हाक मारली. तिने मान वर केली नाही.

मागच्या दाराच्या पायरीवर ठकी खेळत बसायची. मास्तर उठून तिकडे गेले. पायरीवर तिची चिंधीची बाहुली होती आणि ठकी नव्हती. अंगणात नव्हती, नळावर नव्हती. गल्लीत एक कुत्रं पाय वर करून भिंतीशी उभं होतं आणि तसंच उभं राहिलं होतं. ते बघून मास्तर घरात आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. नात बाहेर होती आणि त्यांनी दाराला कडी घातली. हे नंतर त्यांच्या लक्षात आलं. लक्षात येऊनही त्यांनी कडी काढली नाही.

सातवा ठोका पडला आणि मागच्या दारावर थाप. सूनबाईने कडी काढली, ठकी आत आली. तिच्या केसांत, भुवयांवर पांढरा कापूस चिकटला होता.

सूनबाई म्हणाली, उशी फाडलीस वाटतं. ठकीने नुसतं पाणी मागितलं आणि दोन पेले एका दमात प्यायली. रात्री सगळे झोपल्यावर मास्तरांनी घरातल्या चारही उशा चाचपून बघितल्या. चारही धड होत्या. तरी त्यांनी ठरवलं की शेजाऱ्यांची उशी असेल.

५

असं रोज होऊ लागलं. मास्तरांनी कारणं शोधायला कसूर केली नाही. आधी रक्तदाब, मग चष्मा, मग सूनबाईच्या हातचा चहा. माणसाला खरं कारण ठाऊक असलं की इतर कारणं फार पटापट सुचतात.

आठवड्याने ठकीच्या बोटांवर बारीक लाल चिरा दिसल्या. केसाइतक्या, पहिल्या पेरावर आडव्या. मास्तरांनी तसल्या चिरा चाळीस वर्षं बघितल्या होत्या. चालत्या साच्यावरचा धागा बोटाला असाच कापतो. ठकीचं बोलणंही कमी झालं. मुंगी बिनबोलता जाऊ लागली. सकाळी मिशीची विचारपूस राहून गेली.

त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि विचारलं, कुठे जातेस गं संध्याकाळी?

ठकीने दाराकडे बघितलं, मग हळू आवाजात म्हणाली, "कामावर."

"कुणी नेलं तुला?"

"काडीताई नेते. ती मला शिकवते, बोटं कुठे घालायची नाहीत ते."

मास्तरांनी तिला मांडीवरून खाली ठेवलं. गरम भांडं ठेवतात तसं.

काडी म्हणजे सातव्या साच्यावरची पोर. नऊ वर्षांची, काटकुळी, म्हणून काडी. बत्तीस वर्षांपूर्वी ती साच्याखाली कापूस काढायला शिरली आणि तिची वेणी साच्याच्या फिरत्या पट्ट्यात गेली. मास्तरांनी ऐकला तो आवंढा हा.

त्या वेळी खात्यातल्या घड्याळात सातला दहा कमी होते. बाहेर सात वाजून पाच झाले होते. साचे बंद झाले, पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली, आणि मॅनेजरसाहेब आत आले. ते कधी ओरडत नसत. त्यांनी साच्याखाली एकदा वाकून बघितलं, हात रुमालाला पुसले, शिडीवरच्या मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाले, "काटा पुढे घ्या."

मास्तरांनी घेतला. डॉक्टर आणि पोलीस आले तेव्हा घड्याळ खरी वेळ दाखवत होतं. गिरणी सातला सुटते, पोर सातनंतर मेली. म्हणजे सुटी झाल्यावर खेळायला आत राहिली होती. मुलं ती, खेळणारच, असं साहेब चौकशीत हळहळून म्हणाले. इतर पोरांनी सांगितलं की आम्ही कामावर होतो, तर त्यांना विचारलं गेलं की तुम्हाला घड्याळ वाचता येतं का. नव्हतं येत. मास्तरांना येत होतं. त्यांनी हात जोडून सांगितलं की आपल्या घड्याळात कधी मिनिटाचा फरक पडलेला नाही.

बाहेर काडीची आई जमिनीवर बसली होती. मास्तर जवळून जाताना ती उठली. तिने शिव्या दिल्या नाहीत, काही मागितलं नाही. एवढंच विचारलं, "मास्तर, मग माझी पोर गेली तेव्हा किती वाजले होते?"

मास्तर म्हणाले, सात वाजून गेल्यावर. आणि घरी गेले. घरी पाळण्यात मुलगा होता, त्याला त्यांनी बराच वेळ झोका दिला. पुढच्या संध्याकाळी सहाला ते परत शिडीवर होते. काटा पाव तास मागे.

६

मुलगा आता तेच काम करत होता. मास्तरांनी एका दुपारी त्याला गाठलं आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सुचवलं की काटा मागे घ्यायचं आता बंद करावं. काळ बदलला आहे, वगैरे. मुलगा वर्तमानपत्राचं पान उलटत होता, त्याने वर बघितलं आणि त्याला खरोखर हसू आलं.

"बाबा, तुम्हीच शिकवलंत ना? फडकं उजव्या हातात, काटा डाव्या हातात. आता अचानक काय झालं?"

मास्तर म्हणाले, पोरं दमतात रे.

"कुणाची पोरं?"

याला मास्तरांकडे उत्तर होतं. ते मागच्या अंगणात बाहुलीच्या शेजारी बसलं होतं आणि आपल्या बोटांकडे बघत होतं. पण ते सांगायचं तर काडी सांगावी लागली असती, आणि काडी सांगायची तर शिडी. मास्तर म्हणाले, सहज म्हटलं.

मुलाने समजूत घातली. आपण नाही म्हटलं तर उद्या शिडीवर दुसरा चढेल, आपण या दोन खोल्यांतून रस्त्यावर येऊ, आणि पोरांचा पाव तास जायचा तो जाईलच. मास्तरांनी मान डोलवली. हा हिशेब त्यांनीच एके काळी स्वतःशी मांडला होता. अगदी याच शब्दांत. पोरगा हुशार निघाला.

मग त्यांनी सूनबाईला सुचवलं की ठकीला काही दिवस तिच्या मामाकडे पाठवावं. सूनबाईने विचारलं, का? मास्तरांनी हवापालट म्हटलं. सूनबाई म्हणाली की हवेचं काही नाही, पोरगी शहाणी व्हायला लागली आहे, बडबड कमी झाली, कामाला हात लावते. परवा तिने फाटलेली उशीची खोळ अशी शिवली की टाका दिसत नाही. कुठे शिकली देव जाणे.

७

शेवटी त्यांनी घड्याळ बंद केलं. लंबक काढून ट्रंकेत घातला. त्या संध्याकाळीही सहाच ठोके पडले आणि ताट फिरत राहिलं. काटे बिनलंबकाचे सातपर्यंत चालत गेले. मग त्यांनी घड्याळ भिंतीवरून उतरवलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. सुनेला सांगितलं की कीड लागली होती. भिंतीवर घड्याळाच्या आकाराचा एक पांढरा भाग उरला. संध्याकाळी सहा ठोक्यांनंतर मास्तर त्या पांढऱ्या भागाकडे बघत बसले. काटे नव्हते, पण टिकटिक होती. ती भिंतीच्या पलीकडून येत होती, आणि पलीकडे रिकामी गल्ली होती.

ठकी आली ती लंगडत. तिने स्वतःच पाय धुतले. कुणाला सांगावं लागलं नाही. मग आजोबांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

ती आता मोठ्या बाईसारखी उभी राहायची, एका पायावर भार टाकून. दिवसभर उभं राहणारी पोरं तशी उभी राहतात.

"आजोबा, तिथे सगळे विचारतात, किती वाजले. कुणालाच वाचता येत नाही. काडीताई म्हणते, तुझ्या आजोबांना येतं."

मास्तरांनी विचारलं, काडीताई दिसते कशी. ठकीने थोडा विचार केला. म्हणाली, ती आमच्याकडे तोंड करत नाही. आम्हाला भीती वाटू नये म्हणून.

मग ठकीने राहिलेलं सांगितलं. आजोबांनी येऊन खरी वेळ सांगितली की सगळ्यांची सुटी होणार आहे. सगळ्यांची, तिचीही, कायमची. काडीताईने तसं सांगितलं आहे. त्यांनी मोठ्याने सांगायचं, म्हणजे शेवटच्या साच्यापर्यंत ऐकू जाईल.

"आणि नाही सांगितली तर?"

ठकीने आपली वेणी पुढे घेतली आणि तिच्या टोकाशी चाळा करू लागली. "उद्या साच्याखाली जायची पाळी माझी आहे," ती म्हणाली.

८

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वाक्यं पाठ केली. सात वाजून गेले. घड्याळ मागे आहे. मीच मागे घेतलं. घरी जा. चारच वाक्यं होती, त्यांत अवघड शब्द नव्हता. दाढी करताना म्हटली, जेवताना मनात म्हटली. दुपारी कुणी नाही बघून त्यांनी ती आरशासमोर मोठ्याने म्हटली. आरशातला म्हातारा धीट दिसला. मास्तरांना स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं. आपण आयुष्यात एक मोठं काम करणार आहोत, असं वाटून त्यांना थोडं भरूनही आलं. म्हणजे पोरीचा जीव अजून टांगणीलाच होता, पण यांना भरून येऊन गेलं.

पाचलाच त्यांनी ठकीला जवळ घेतलं. सुतळीचा तुकडा घेतला, एक टोक तिच्या मनगटाला बांधलं आणि एक आपल्या. सूनबाईने बघितलं आणि म्हणाली, आजोबा-नातीचा काय खेळ चाललाय कुणास ठाऊक. ती ताटं पुसायला बसली. मास्तरांनी ठकीची वेणी सोडली, अंबाडा घातला आणि वर घट्ट फडकं बांधलं.

ठोके पडू लागले. एक. दोन. ठकीने त्यांचा हात धरला. तिचा तळवा खरखरीत झाला होता. पाच. सहा.

आधी पायांना कळलं. फरशी थरथरू लागली, तळपायांतून गुडघ्यांत चढली. मग तेलाचा उबट वास, मग दमट गरम हवा. नाकातोंडात तंतू गेले. मास्तर खोकले, आणि त्यांचा खोकला त्यांना ऐकू आला नाही. साठ साचे एका सुरात घुमत होते.

सुतळीने त्यांना आत ओढून आणलं होतं. खातं होतं तसंच होतं, फक्त दिव्यांच्या पलीकडचं दिसत नव्हतं. साच्यांच्या मधल्या वाटांत पोरं उभी होती. मास्तरांना वाटलं होतं तीस-चाळीस असतील, त्यांच्या वेळची. पण रांगा संपत नव्हत्या. दिवे संपले तिथे त्या नुसत्या काळ्या झाल्या होत्या आणि त्या काळोखातही हात हलत होते. काहींच्या अंगावर जुने कपडे होते, काहींच्या अंगावरचे कपडे मास्तरांनी मागच्याच आठवड्यात गल्लीत बघितले होते.

सातव्या साच्यापाशी एक काटकुळी पोर पाठमोरी उभी होती. डोक्याच्या एका बाजूला केस होते. दुसरी बाजू दिव्यापासून वळवलेली होती. मास्तरांनी तिथून नजर काढली.

साचे थांबले नाहीत, पण आवाज उतरला, बोललेलं ऐकू येईल इतका. पोरांच्या माना वर झाल्या. रांगेच्या रांग त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. दमलेल्या पोरांच्या चेहऱ्यावर राग मावत नाही. ठकीने त्यांचा हात हलवला.

"आजोबा, किती वाजले?"

भिंतीवर घड्याळ होतं. पावणेसात. मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला. चारही वाक्यं ओळीने तोंडाशी आली. सात वाजून, इथपर्यंत ओठ हललेही.

तेवढ्यात मागून कुणीतरी दार ढकलून आत आलं. कुणीतरी सावकाश हात रुमालाला पुसत होतं. मास्तरांनी वळून बघितलं नाही. तसे हात पुसणाऱ्या माणसाला जाऊन अकरा वर्षं झाली होती, मास्तर त्याच्या तिरडीमागून गावभर चालले होते. मेलेला माणूस नोकरीवरून काढू शकत नाही. मेलेला माणूस खोल्या रिकाम्या करून घेऊ शकत नाही. हे सगळं मास्तरांना तिथे उभ्या उभ्या कळत होतं.

"काय मास्तर," मागचा माणूस न ओरडता म्हणाला, "घड्याळ बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "सात व्हायला अजून पाव तास आहे."

आवाज चांगला खणखणीत लागला. शेवटच्या साच्यापर्यंत गेला असेल. माना एकेक करून खाली गेल्या आणि साच्यांचा सूर पुन्हा वर चढला. मास्तर तोंड उघडं ठेवून उभे राहिले, उरलेली वाक्यं येतील म्हणून. ती येत नव्हती.

ठकीने त्यांच्याकडे मान वर करून बघितलं, जरा वेळ. मग तिने आपल्या मनगटावरची गाठ सोडली. बोटांना आता सवय होती. बघावंही लागलं नाही. सुतळीचं टोक तिने आजोबांच्या तळहातावर ठेवलं, त्यांची मूठ मिटवली, आणि साच्यांच्या मधल्या वाटेने चालत गेली.